बिनतारी घंटा

सूनबाईंची नोकरी म्हणजे दोन बिनतारी यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावायचं आणि मोजायचं: निरोप पोचायला किती उशीर होतो, एका दमात किती माहिती जाते. त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या उशाशी त्यांनी बिनतारी बटन ठेवलं तेव्हा घरात कुणी चकार शब्द काढला नाही. सासूबाईंचं हृदय नाजूक. छातीत कळ आली की बटन दाबायचं, वरच्या खोलीत सूनबाईंच्या संगणकावर घंटा वाजायची. सासूबाईंच्या उशापासून तार ओढून सासऱ्यांनी हौसेने बसवलेली, अख्खं घर दणाणून सोडणारी तारेची घंटा आता निघणार होती.

वर बसून सूनबाईंनी मोजणी लावली आणि आकडे बघून हरखल्याच. उशीर जवळजवळ नाहीच! माहिती तर धबधब्यासारखी. मधे भिंती, जिना, तरी!

जिन्यावरूनच त्यांनी खाली थांबलेल्या वायरमनला हाक मारली. "दादा, तार काढायला घ्या."

"बघा हं ताई, एकदा कापली की कापली."

"अहो, तारेच्या वरताण चालतंय!"

सासूबाई गाणी ऐकत पडल्या होत्या. सूनबाईंनी कौतुकाने उशाजवळचं बटनाचं यंत्र उचललं, तर ते पिसासारखं हलकं. मागचं झाकण उघडं. आत सेलच नाहीत.

"आई, याचे सेल?"

"रेडिओत घातले, सकाळीच. तुझा डबा काही गात नव्हता."

सूनबाईंनी रिकामं यंत्र उलटसुलट करून पाहिलं. मग मघापासून वर बोलत होतं कोण?

लख्खकन आठवलं. मोजणीचा प्रोग्राम ठीक आहे ना, हे बघायला त्या नेहमी आधी संगणकाला स्वतःशीच बोलायला लावत, मग पलीकडच्या यंत्राचा पत्ता घालत. आज पत्ता बदलायचाच राहिला होता. संगणक स्वतःलाच निरोप धाडत होता आणि स्वतःच पोच देत होता.

"दादा, थांबा! कापू नका!"

बाहेर पकडीचा कट्ट आवाज झाला. वायरमन दारात आला. "कापली की हो."

"काय झालं गं? अशी पांढरीफटक का पडलीस?" सासूबाईंनी विचारलं.

सूनबाईंनी अडखळत सगळं सांगितलं.

"म्हणजे मी बटन दाबलं असतं तर?"

"मला काही कळलं नसतं, आई. मी वर आकडे बघून हसत बसले असते."

सासूबाईंनी रेडिओ बंद केला. वायरमन तारेची टोकं सोलू लागला. ती जुळून घंटा वाजेपर्यंत सूनबाई पलंगाची कड सोडून हलल्या नाहीत.