इमामबीच्या रक्तातला पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे आणि आधीच बजावतो, मी बिघडलेलो नाही! पुस्तकात मला जनुक म्हणतात. भोरच्या इमामबी मणेर यांच्या हाडांतल्या मज्जेत रक्त तयार होते, तिथे माझी चौकी आहे. पेशींनी वाढणे कधी थांबवायचे, हा हुकूम माझा.

इमामबी नसरापूरच्या बाजारात बायकांना बांगड्या भरत. मी वर्षानुवर्षे त्यांचे रक्त सांभाळले, पण शाबासकी कोणी दिली नाही. पुढे वयाबरोबर माझ्या अंगावर बारीक रासायनिक खुणा चढत गेल्या. माझे काही सोबती खरोखर बिघडले होते. माझे मात्र एक अक्षरही बदलले नव्हते, फक्त त्या खुणांनी तोंडाला कुलूप लावले होते. पांढऱ्या पेशी मोकाट सुटल्या. २००९ साली पुण्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा जुनाट कर्करोग सांगितला.

"घराण्याचंच रक्त खराब," असे लोक कुजबुजले, तेव्हा माझा संताप झाला. त्यांची लेक महेजबीन हिच्या पेशींतही मी आहे आणि तिथे खणखणीत बोलतो. या खुणा तिला वारशाने मिळालेल्या नाहीत!

डॉक्टरांनी कुलपे काढणारी सुई सुरू केली, दर महिन्याला आठवडाभर. दोन महिन्यांनी तपासले, तर रक्ताचे आकडे आणखी उतरलेले. सुरुवातीला असे होते, हे डॉक्टरांनी सांगितले होते. तरी इमामबींनी पुण्याच्या प्रवासाची पिशवी कोपऱ्यात भिरकावली.

"बास झालं. सुईनं लई खंगले. आता न्हाई जायची."

मी आत तडफडत होतो. सुई थांबली असती, तर माझे कुलूप तसेच राहिले असते आणि इमामबी वाचल्या नसत्या.

महेजबीन म्हणाली, "अम्मा, हात कडक असला तर तू बांगडी ओढून चढवतीस का?"

"ओढली तर फुटंल की! हात दाबत दाबत, दमानं..." बोलता बोलता त्या थबकल्या. "डॉक्टर सुई किती दिस घ्यायची म्हणाले व्हते?"

"सहा महिने तरी."

"मग चल. यष्टी चुकंल."

पाचव्या महिन्यात माझे कुलूप निखळले. मी ओरडलो, "थांबा!" सगळ्या नाही, पण पुष्कळ पेशी थांबल्या. इमामबी पुन्हा बाजारात बसू लागल्या.

मित्रांनो, आजाऱ्याच्या घराण्याला नावे ठेवू नका आणि त्याचे उपचार अर्ध्यावर सुटू देऊ नका. आजार गेलेला नाही. खुणा पुन्हा चढतील, हे मला ठाऊक आहे. चढू देत! इमामबी सुईसाठी दंड पुढे करतात तोवर मी गप्प बसणार नाही.