भिंतीपलीकडची शेगडी

मित्रांनो, मी एक जुना गजर आहे. अभ्यासाला पहाटे उठवतो, तो गजर वेगळा. मी भिंतीवर बसून घरातली हवा हुंगत असतो. कोंडलेल्या खोलीत कोळसा किंवा गॅस नीट जळला नाही, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाचं आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते आणि निजलेलं माणूस पुन्हा उठत नाही. तो वायू मला कळतो. कळला की मी किंचाळतो. एवढ्यासाठीच मला घडवलं आहे.

कौमुदीताईंनी मला पुण्याच्या एका दुकानातून निवडलं. दुकानदार त्यांना धुराचा गजर दाखवत होता. ताई म्हणाल्या, "तो द्याच. पण धूर डोळ्यांना तरी दिसतो. न दिसणाऱ्या विषाचं काय?" मग त्यांनी मला उलटं करून पाठीवरची मुदतीची तारीख वाचली आणि पिशवीत घातलं.

मळवलीला त्यांच्या वडिलांचा, माधवरावांचा बंगला होता. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना तो भाड्याने देत. शिदू आणि त्याची बायको हिरी बंगला सांभाळत. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून मागे त्यांची खोली होती. शिदूची आई भामाबाईही तिथेच राहत असे. ताईंनी मला पाहुण्यांच्या झोपायच्या खोलीबाहेर लावलं. पडद्याआड नाही, खिडकीजवळ नाही, जिथे हवा खेळती आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल अशा जागी. मागच्या खोलीसाठी दुसरा आणायचा, असं त्या म्हणाल्या होत्या. ते राहून गेलं.

माझी देखभाल हिरीकडे आली. ती कोरड्या फडक्याने माझ्यावरची धूळ पुसायची आणि महिन्यातून एकदा बटण दाबून मी वाजतो का ते बघायची. मी ओरडलो की दचकून हसायची. "लय मोटा गळा हाय बया ह्याचा," म्हणायची.

एका पावसाळ्यात पाहुण्यांनी कणसं भाजायची कोळशांची पेटती जाळी काचेच्या बंद व्हरांड्यात आणली. मी जीव तोडून ओरडलो. हिरी धावत आली आणि तिने सगळी दारं सताड उघडली. एक बाई उठून उभी राहिली आणि तिथेच कोसळली. मोकळ्या हवेत नेल्यावर ती सावरली. जाताना पाहुण्यांनी माझे फोटो काढले. मित्रांनो, तेवढा एक दिवस मी फार मोठा होतो.

पुढे ताई नोकरीसाठी बेंगळुरूला गेल्या. माझ्या बॅटऱ्या उतरल्या आणि मी थोड्या थोड्या वेळाने टुक्, टुक् करू लागलो. आमच्या भाषेत ती भुकेची हाक असते. पाहुणे वैतागले. त्यांनी तक्रार केली, तसा माधवरावांचा शिदूला फोन आला. "काढून ठेव रे ते. बॅटऱ्या आणल्या की लावू पुन्हा."

हिरी म्हणाली, "अवो, नगा काढू. ताईंनी बजावून सांगितलंय."

"साहेबच बोलल्यात. मी काय करू?"

माझ्यासाठी संपलेल्या त्या बॅटऱ्या टीव्हीच्या रिमोटला पुरेशा होत्या. हिरीने मला फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघराच्या खणात ठेवलं. मेणबत्त्या, रबर, तुटकी सुरी यांच्यात मी पडून राहिलो. नव्या बॅटऱ्या आणायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

पौषात हिरी बाळंत झाली. मुलगा झाला. भामाबाईने हौसेने सगळं केलं. डिंकाचे लाडू, बाळाची टाळू भरणं, आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. तिची स्वतःची बाळंतपणं त्याच शेकावर झाली होती. पण तेव्हाचं घर कुडाचं होतं, त्यातून वारा आरपार जाई. ही खोली सिमेंटची होती, वर स्लॅब. एका सकाळी वारं बोचरं सुटलं होतं. भामाबाईने खिडकीत गोणपाट कोंबलं आणि पाहुण्यांचे उरलेले कोळसे शेगडीत घातले.

भिंतीपलीकडून मला हिरीचा आवाज आला. "आत्या, डोकं लय दुकतंय."

"रातभर जागलीस म्हून. नीज जरा. पोराला मी उनात घेऊन बसते."

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने खाट करकरली. मग काहीच नाही.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. पण माझ्या पोटात जीव नव्हता.

शिदू जेवायला आला. "हिरी कुटं हाय?"

"निजलीय. उटवू नगंस."

त्याने हळूच ताट घेतलं, आवाज होऊ नये म्हणून भांडीसुद्धा न घासता ठेवली आणि कामाला गेला. बाळ भुकेने रडायला लागलं, तेव्हा भामाबाई आत गेली. तिची हाक मी आजही विसरलेलो नाही.

हिरीला लोणावळ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, शेगडीच्या वायूने ती आधीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. त्यांनी एकेक खण उघडत मला शोधलं. माधवराव दारातच उभे होते. त्यांना आत येववेना. ताईंनी नव्या बॅटऱ्या घातल्या, मी वाजलो, आणि भामाबाईने भिंतीवर डोकं आपटून घेतलं.

शिदूने बाळाला छातीशी धरून विचारलं, "ताई, हे आमच्या खोलीत असतं तर काल वाजलं असतं का?"

ताईंच्या ओठांवर काहीतरी वेगळं आलं होतं. पण त्याच्याकडे बघून त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या.

शिदूने बाळाला आईकडे दिलं, हातोडी आणली आणि मागच्या खोलीत माझ्यासाठी स्वतः खिळा ठोकला. मग रिकाम्या खाटेवर चढून त्याने मला त्यावर टांगलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर आज त्याचं बटण दाबून पाहा. तो टुकटुक करत असेल तर त्याला गप्प करू नका, खायला द्या. त्याची मुदत संपली असेल तर नवा आणा. आणि तो फक्त पाहुण्यांच्या खोलीत लावू नका. शेगडी कुठे पेटते, तिथे कोण निजतं, ते आधी बघा. हिरीचं बाळ आता रांगतं. भिंतीवरून मी त्याच्याकडे बघतो. त्याला आई म्हणायला शिकवावं, तर घरात कुणाचीच जीभ रेटत नाही.