माझी किल्ली कोणाच्या करदोड्याला होती?

मित्रांनो, कुलूप म्हटलं की तुम्हाला दार आठवतं, पेटी आठवते, फार तर सायकल. माझ्या नशिबी यातलं काहीच आलं नाही. मी एक जुनं लोखंडी कुलूप आहे आणि मला माणसांच्या पायातल्या साखळीला लावलं होतं. सांगायला लाज वाटते, पण सांगणार. मला गप्प बसवणारे दिवस आता गेले.

नंदीश मिस्त्रींनी मला आणि माझ्या भावाला एकाच दिवशी घडवलं. आम्ही जोडकुलपं, दोघांना मिळून एकच किल्ली. "हातानं कापलेली हाय. हरवली तर तशी पुन्हा मलाबी जमायची न्हाय," असं मिस्त्री गिऱ्हाइकाला म्हणाले, तेव्हा मी अभिमानाने फुगलो होतो. गिऱ्हाइकाचं नाव रणधीर. मला वाटलं, आपल्याला धान्याची राखण करायला मिळणार.

रणधीर दूर डोंगरातल्या दगडखाणीवर मुकादम होता. जळकोट आणि लोहाऱ्याकडची माणसं त्याने कामाला म्हणून नेली आणि पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या पायांत साखळी ओवली. एका साखळीत सात माणसं, साखळीच्या टोकाला मी. माझा भाऊ रणधीरच्या पेटीला होता. किल्ली त्याच्या करदोड्याला. काम संपलं की काठीचं टोक एकेकाच्या टाचेला टोचत तो माणसं मोजायचा. बैलाला टोचतानासुद्धा माणूस जरा हात आखडता घेतो, हा घेत नसे.

एके दुपारी सुरुंगांची वात पेटली. मोकळे होते ते पळाले. रणधीर माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता.

"मुकादम, कुलूप काढा!" साखळीतला गोरोबा ओरडला. त्याच्या शेजारी मल्लिनाथ होता.

रणधीरने आमच्याकडे पाहिलं आणि तो जीपकडे पळाला.

त्या दुपारी तीन माणसं गेली. मल्लिनाथ गेला. उडालेल्या दगडाने साखळी तुटली आणि गोरोबाचा पायही मोडला. मी मात्र बंदच्या बंद, शाबूत राहिलो. माझ्या मजबुतीची मला त्या दिवशी चीड आली.

रणधीर पसार झाला. त्याने दिलेला पत्तादेखील खोटा निघाला. गोरोबाने मला मुठीत धरून दवाखान्यात नेलं, उशाखाली दडवलं आणि मल्लिनाथच्या बायकोच्या, सिताबाईंच्या हातात दिलं. त्या खाणीवर सगळ्यांच्या भाकरी थापायच्या आणि मोजणीत त्यांच्या टाचेलाही काठी टोचायची.

"वहिनी, हे पोलिसांकडं हरवायचं. तुमीच जपा. त्यो जिता असंल तर किल्लीबी असंल."

अकरा वर्षं त्यांनी मला जपलं. दर अमावस्येला करडीच्या तेलाचे दोन थेंब माझ्या पोटात सोडायच्या आणि वर दमही द्यायच्या, "गंजलास तर बघ!" कुबडी घेतलेला गोरोबा आणि पिशवीत मला घेतलेल्या सिताबाई बाजार, जत्रा, एसटी स्टँड पालथे घालत राहिले. लोक म्हणायचे, आता सोडून द्या. सिताबाई उलट विचारायच्या, "तुमच्या घरचं मेलं असतं तर सोडलं असतं का?"

यंदा चैत्रात आम्ही सोनारीच्या यात्रेला गेलो. देवळापासून लांब एका मांडवात कृष्णराजअण्णा नावाचे गृहस्थ यात्रेकरूंना जेवू घालत होते. पांढरी दाढी, कपाळभर गुलाल, बोलणं मधासारखं. लोक त्यांच्या पाया पडत. सिताबाई पंगतीत बसल्या. पानं किती, हे मोजत अण्णा मागून येत होते. काठीचं टोक सिताबाईंच्या टाचेला टोचलं.

त्यांच्या हातातला घास पानात पडला. "गोरोबा," त्या म्हणाल्या, "मुकादम!"

यात्रेच्या बंदोबस्तावरच्या फौजदार निकिता मॅडम आल्या. अण्णांचे सगळे कागद कृष्णराज याच नावाचे आणि चोख. मांडवातले लोक खवळले. म्हातारे धोंडीबा तर अण्णांच्या पुढे आडवे उभे राहिले. "देवमाणसावर आळ घेता व्हय?"

तेवढ्यात सिताबाईंची नजर शिध्याच्या कोठीवर गेली. दाराला हुबेहूब माझ्यासारखा माझा भाऊ लटकत होता! पिशवीतून मी त्याला पाहिलं, मित्रांनो, आणि मला ओरडावंसं वाटलं.

सिताबाईंनी आवाज चढवला नाही. "अण्णा, कोठीची किल्ली कुणाकडं असती?"

"माज्याकडंच. दुसऱ्या कुणाच्या हातात म्या ती कधी दिली न्हाय," अण्णा सगळ्यांसमोर ऐटीत म्हणाले.

सिताबाईंनी मला काढून जमिनीवर ठेवलं. "मग हे उघडून दाखवा."

अण्णांचा चेहरा उतरला. मी खाणीच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेलो, असंच ते धरून चालले होते. "जुन्या कुलपाला कुटली बी किल्ली लागती," ते कसेबसे म्हणाले.

"असं? मंग माजी लावा," धोंडीबा म्हणाले आणि आपला जुडगा पुढे केला. मॅडमनी सात किल्ल्या घालून पाहिल्या. मी एकीलाही दाद दिली नाही. शेवटी त्यांनी अण्णांपुढे हात केला. करदोड्याची गाठ सुटायला फार वेळ लागला.

ती किल्ली आत आली आणि मी तिला लगेच ओळखलं. एकच फेरा, आणि मी उघडलो.

धोंडीबांनी अण्णांच्या हातातली काठी काढून घेतली आणि ते सिताबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. गोरोबा कुबडी टाकून खाली बसला आणि मल्लिनाथचं नाव घेऊन रडला. मलाही रडता येत असतं तर मीही रडलो असतो.

आता खटला उभा राहणार. अण्णांचे वकील मला खोटं पाडायला बघतील. खुशाल बघोत. मी कोणाला घाबरत नाही. मित्रांनो, घरातल्या कुलपांना तेलपाणी करा, ती तुमच्याच उपयोगाची आहेत. पण माणसाच्या पायाजवळ कुलूप दिसलं, तर ते कोणी लावलं हे विचारल्याशिवाय तिथून हलू नका. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, भले अकरा वर्षं लागोत.

त्या दिवशी पंचनामा लिहिताना शिपायाने मला मोहोरबंद करायला घेतलं आणि सवयीने कडी दाबू लागला. सिताबाईंनी मधे हात घातला. कडी त्यांच्या बोटांवर बसली, तरी त्यांनी हात काढला नाही.

"ह्याला आता कुणीच बंद करायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "उगडं हाय, तसंच लिवा."

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं: लोखंडी कुलूप, नग एक, उघडे.