काझाला जायची तालीम

गिरिजाबाईंनी स्पितीला जायचं ठरवलं तेव्हा सोलापूरच्या बाळीवेशीत कुणाचा विश्वासच बसला नाही. बसावा तरी कसा? अक्कलकोटला गेली तरी दिवेलागणीच्या आत घरी येणारी बाई, ती म्हणे पार हिमालयाच्या पलीकडच्या मुलखात जाणार. तिथं झाड उगवत नाही, श्वास पुरत नाही आणि उन्हाळ्यातही गोधडी लागते. बरं, वय पासष्टच्या पुढं आणि गुडघे सकाळी उठताना कुरकुरणारे. पण बाईनं एकदा मनात घेतलं की घेतलं. नवरा होता तोवर मनात घ्यायची सोय नव्हती, एवढंच.

जायचं होतं लेकीकडं. राजेश्वरी, घरातली राजी, ही त्यांची एकुलती एक. आठ वर्षांपूर्वी वैदेही देशपांड्यांच्या सहलीतून ती स्पिती बघायला गेली. पुढच्या वर्षी परत गेली. आल्यावर तिनं घरात सांगितलं, की काझाच्या वरच्या अंगाला एका गावात दोर्जे नावाचा मुलगा आहे, प्रवाशांना घरात उतरवून घेतो, आणि मी त्याच्याशी लग्न करणार आहे. वडील चन्नप्पा कापडाचे व्यापारी, पेठेत मान असलेला माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर परवडलं असतं. ते एवढंच म्हणाले, "गळ्यातलं लिंग काढून ठेव आणि मग कुठं जायचं तिथं जा."

जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं इष्टलिंग. आंघोळ करताना, झोपताना, कधी अंगावेगळं करायचं नाही असं त्यांच्यात. पोरीनं ते चांदीच्या डबीसकट काढलं, बापाच्या नव्हे, आईच्या पुढ्यात ठेवलं, आणि बॅग उचलून गेली. गिरिजाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

तेव्हापासून रोज पहाटे गिरिजाबाई दोन पूजा करत आल्या. आंघोळ, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर आधी स्वतःचं लिंग, मग लेकीचं. दुसऱ्याचं लिंग असं पुजतात का, हे त्यांनी कुणा स्वामींना विचारलं नाही. नको म्हणाले असते तर काय घ्या! दोन्ही पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात नाही. चन्नप्पांना हे दिसत होतं. ते बोलले नाहीत, आणि दोन वर्षांपूर्वी न बोलताच गेले. आता अडवणारं कुणी नव्हतं. जाऊन पोरीचं लिंग पोरीच्या हातात द्यायचं, एवढीच गिरिजाबाईंची यात्रा.

म्हणून त्या नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत वैदेहीबाईच्या ऑफिसात गेल्या. ही वैदेहीबाई तोंडानं फटकळ आणि कामाला चोख. एकदा चन्नप्पांनी याच ऑफिसच्या दारात उभं राहून तिला नाही नाही ते ऐकवलं होतं. तिनं ते उगाळलं नाही. गिरिजाबाईंना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाली, "मावशी, न्यायला मी तयार आहे. पण आधी तालीम, मग तिकीट. राजीला कळवलंत ना?"

"कळवलंय की," गिरिजाबाई म्हणाल्या.

वैदेहीबाईचे नियम कडक. तिकडं डोंगर चढायचा आणि सोलापुरात चढ म्हणून कुठं नाही. त्यावर तिचा तोडगा असा, की एका मंगल कार्यालयाच्या मालकाला गळ घालून तिथले चार मजली जिने तिनं पहाटेपुरते मिळवले होते. सहलीला येणाऱ्या सगळ्यांच्या पाठीवर ज्वारीची पिशवी आणि वर-खाली, वर-खाली. "मनालीकडून एकदम वर गेलं की डोकं धरतं," ती सांगायची. "आपण किन्नौरकडून हळूहळू चढायचं. वर पोचल्यावर पहिले काही दिवस आंघोळ नाही. डोळा उघडला की आधी पाणी, मग दिवसभर पाणी. आणि डोकं दुखलं तर मला सांगायचं. लपवलंत तर परत आणायला मी आहे, पण काय आणीन ते सांगता येत नाही."

गिरिजाबाई सगळ्याला हो म्हणाल्या. आता हो म्हणायला काय जातंय?

वैदेहीबाई जिन्याशी एकेकाच्या हातात पाण्याची बाटली द्यायची. ही वरची सकाळ आहे असं समजा, आंघोळ झालेली नाही, पाणी प्या आणि चला. गिरिजाबाई बाटली घ्यायच्या आणि वर निघायच्या. परत यायच्या तेव्हा बाटली रिकामी. वैदेहीबाई खूश. इतरांना सांगायची, बघा मावशींकडं, शिका काहीतरी.

एप्रिल म्हणजे सोलापुरात पहाटेसुद्धा भट्टीच. एके दिवशी तिसऱ्या मजल्यावर गिरिजाबाई ज्वारीच्या पिशवीसकट खाली बसल्या आणि बसल्या त्या आडव्याच झाल्या. ओठ पांढरे, डोळे वर. चौघांनी उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही हो बाईंच्या. वैदेहीबाई चक्रावली. बाटली तर तिनं स्वतः रिकामी बघितली होती. मग तिला आठवलं, दुसऱ्या मजल्यावर क्रोटनच्या कुंडीखाली रोज ओल असते. सगळी झाडं उन्हानं होरपळलेली आणि तेवढंच एक टवटवीत!

सलाइन संपायची वाट बघून तिनं तोंड उघडलं. "मावशी, इथं रिक्षा मिळाली, डॉक्टर मिळाला. तिथं गाडी वळवायलासुद्धा रस्ता नसतो. मी तुम्हाला नेत नाही."

"बाई, परत असं न्हाई होणार."

"नाही म्हणजे नाही. राजीला मी काय तोंड दाखवू?" ती गेली. जाताना तिचेही डोळे भरले होते.

घरी काशम्मा वाट बघत बसल्या होत्या. काशम्मा म्हणजे चन्नप्पांची थोरली बहीण, ऐंशीची म्हातारी, लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी आलेली. भाऊ गेल्यावर या दोघीच एकमेकींना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कवळी काढून वाटीत ठेवली आणि भावजयीकडं बघत राहिल्या.

"काय गं गिरिजा, मला खुळी समजलीस का काय?"

"आता काय झालं, अक्का?"

"तालमीला तू पूजेआधीच जायचीस, आणि पूजेआधी पाणी न्हाई, कबूल. पण आजारपणात आंघोळीवाचून पूजा करताच येत न्हाई, असं कुणी सांगितलं? तुला टायफॉइड झाला तवा अंगाला विभूती लावून, अंथरुणात बसून पूजा केलीस. मीच दिली होती विभूती. तितं थंडीत तसंच करायचं. डोळा उघडला की विभूती, पूजा, की लगेच पाणी. त्या सहलीच्या बाईलाबी तसं सांगितली असतीस तर ती न्हाई म्हणाली असती काय? तुला हे ठाऊक न्हवतं म्हणतीस?"

गिरिजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"मग पाणी का ओतलीस?"

आणि मग बाईचा बांध फुटला. पदर तोंडात कोंबून त्या अशा रडल्या, की चन्नप्पा गेले तेव्हाही तशा रडल्या नव्हत्या. "मला भ्या वाटलं, अक्का. लई भ्या वाटलं. एवढं लांब जायचं आणि तिनं दार लावून घेतलं तर मी कुटं जाऊ? हितंच पडले तर निदान म्हणता येतंय, निघाले होते, जमलं न्हाई. तिला मी कळवलंच न्हाई. फोनच केला न्हाई मी."

काशम्मांनी वाटीतली कवळी परत बसवली. "राजी गेली त्या दिशी मीबी हितंच बसले होते की. चन्नूला मी लहानाचा मोठा केला. मी एक शब्द बोलले असते तर त्यानं ऐकलं असतं. न्हाई बोलले." मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी रिक्षा बोलाव. मीबी येते."

दुसऱ्या दिवशी दोघी ऑफिसात हजर. काशम्मांनीच सगळं सांगितलं, विभूतीचं आणि न केलेल्या फोनचंही. वैदेहीबाईनं कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुम्ही तिच्या दारात अशाच उभ्या राहणार होतात? न सांगता? मावशी, धन्य आहे तुमची! हे बघा, पाण्याचं जमलं असेल तर उत्तम. पण तिकडं कुणी वाट बघत नसेल तर मी तुम्हाला वर चढवणार नाही. फोन करा. आत्ता, माझ्यासमोर."

नंबर तिनंच लावला. काशम्मांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला. बराच वेळ वाजला.

"हाँ जी, कौन?" पलीकडून आवाज आला. भाषा परकी, पण आवाज तोच.

"राजी," गिरिजाबाई म्हणाल्या.

पलीकडं वारं घोंघावत होतं. "अव्वा? काय झालं? कोण गेलं? आत्या गेल्या का?"

"मी हाय की अजून, भवाने!" काशम्मा ओरडल्या आणि रडायलाच लागल्या.

राजी हसली नाही. "मग आज कशी आठवण झाली? अप्पा गेले ते वैदेहीताईंनी कळवलं. मी कितीदा फोन केला. कुणी उचलला नाही."

"मीच उचलला न्हाई," गिरिजाबाई म्हणाल्या. "काय तोंडानं उचलू? राजी, तुझं लिंग हाय माझ्याजवळ. रोज पूजा करते त्याची. एक दिवस चुकला न्हाई. ते तुला द्यायला येते मी."

"ते द्यायला येत असशील तर येऊ नकोस, अव्वा." राजी म्हणाली. "मी ते तुझ्यापुढं का ठेवलं, तुला कळलंच नाही का गं? अप्पांपुढं ठेवता आलं असतं की. तू थांब म्हणशील म्हणून तुझ्यापुढं ठेवलं. जिना उतरताना मी मुद्दाम हळू उतरले. खाली पानपट्टीपाशी किती वेळ उभी होते. तू एकदा थांब म्हणाली असतीस, तर गेले असते तरी तुझी लेक म्हणून गेले असते."

गिरिजाबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. वैदेहीबाई खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

"मला आता ते नको," राजी म्हणाली. "इथं मी माझी राहते, माझ्या पद्धतीनं हात जोडते. तुला मला बघायला यायचं असेल तर ये."

"तुलाच बघायला येते, माझे आई. तुलाच." गिरिजाबाईंना हुंदका आवरेना. "पण मग त्याची पूजा?"

"ती मी करते," काशम्मा म्हणाल्या. "हात चालतात माझे अजून. तू जा."

राजी हळूहळू बोलायला लागली, जशी कुठल्याही प्रवाशाशी बोलत असेल तशी. मनालीकडून येऊ नका. गरम कपडे जास्त आणू नका, इथं आहेत. वाटेत नाको गावाला मुक्काम करा, तिथं अव्वाला त्रास व्हायला लागला तर लगेच खाली न्या. मी गाडी घेऊन नाकोपर्यंत खाली येते, पुढं माझ्याबरोबर आणते. वैदेहीबाई मान डोलावत होती. तिचं सगळं पाठ होतं, तरी तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"बरं, ठेवते आता," राजी म्हणाली. "खाली पाहुणे आलेत."

"थांब!" गिरिजाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की बाहेर गल्लीत जाणारा माणूस वळून बघायला लागला. "राजी, थांब. जाऊ नको. थांब गं, बाई."

पलीकडं नुसतं वारं वाजत होतं. राजीनं फोन ठेवला नाही.