ओढ्यावर नसलेला पूल

एक उडी ओढ्याकडे, दोन उड्या घरी,
तिसऱ्या उडीला माझी आई दारी!

जूनी टॅकेट रोज सकाळी हे गाणं म्हणत दोरीवरून उड्या मारत यायची. मी शाळेसमोरच्या चौकात लाल पाटी धरून गाड्या थांबवते; अकरा वर्षं झाली. आठ वर्षांची जूनी चाकांवरच्या घरांच्या वस्तीत राहते. तिला दमा आहे. आई रेलीन शाळेजवळच्या धुलाईच्या दुकानात काम करते. गाडी नाही. शाळेतून फोन आला की ओला एप्रन तसाच ठेवून ती धावत सुटते. या हिवाळ्यात दोनदा धावली, दोन्ही वेळा सहा मिनिटांत पोचली.

आणि मार्चमध्ये नवा नकाशा आला. आमच्या शाळेत मुलं फार झालीत, म्हणून वस्तीतली मुलं ओढ्यापलीकडच्या शाळेत जाणार. नकाशावर अंतर मैलभर.

शाळा मंडळाची सुनावणी शाळेच्याच व्यायामशाळेत झाली. फॉक्स रिजच्या बंगल्यांतले लोक हिरवे शर्ट घालून पुढच्या रांगा अडवून बसले होते. छातीवर लिहिलेलं, ‘आमची मुलं, आमची शाळा’. वस्तीतली मुलं गेली नाहीत, तर त्यांच्या एका गल्लीतल्या मुलांना जावं लागणार होतं.

बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा, मग लाल. रेलीनचं पहिलं मिनिट नाव, पत्ता आणि आभार यांतच गेलं.

"माझ्या पोरीचा श्वास अडकला ना, की तिचे ओठ आधी—"

लाल दिवा. माइक बंद.

ती तशीच उभी राहिली, कागदाची घडी करत. रांगेत तिच्यामागे ग्रेटा लिंडस्ट्रॉम होती, हिरव्या शर्टात.

"माझी दोन मिनिटं या बाईंना द्या," ग्रेटा म्हणाली.

मागून कुणी ओरडलं, "अगं, मग तो शर्ट तरी काढ!"

"शर्ट मीच छापून आणलेत, वेन. काढायचा की ठेवायचा, ते मी बघेन. तू खाली बस."

लोक हसले. रेलीनला पुन्हा हिरवा दिवा मिळाला.

या वेळी तिने कागद पाहिलाच नाही. "ओढ्यावर पूल नाहीये," ती म्हणाली. "नकाशावाल्यांनी सरळ रेघ ओढलीय. रेघेवरून मी धावू कशी?"

मंडळाच्या सदस्यांपैकी ओगल म्हातारा, पशुखाद्याचं दुकान चालवणारा, नकाशा करायला बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांकडे वळला. "काय हो, पूल आहे का तिथं?"

पाहुणे कागद चाळू लागले. पूल कुठेच सापडेना.

"मी याच गावात म्हातारा झालो," ओगल म्हणाला, "आणि महिनाभर हा नकाशा बघतोय. मलाही दिसलं नाही. लाज वाटते."

मतदान पुढे ढकललं. गुरुवारी सदस्य स्वतः शाळेच्या बसमध्ये बसले आणि वस्तीतून वळसा घालत पलीकडच्या शाळेत गेले. एक्केचाळीस मिनिटं लागली. ओगलच्या मांडीवर कॉफी सांडली, ती वेगळीच.

मे महिन्यात नवी रेघ ओढ्याकाठाने गेली. वस्ती इकडेच राहिली. फॉक्स रिजची एक गल्ली तिकडे गेली, ग्रेटाचीच. त्यांना रस्ता आहे, गाड्या आहेत. तरी तिचा धाकटा दोन दिवस रुसून जेवला नाही.

शाळेच्या शेवटच्या दिवशी ग्रेटा माझ्या चौकात आली. हातात गरम बिस्किटांचा डबा होता.

"मिस व्हर्लीन, पलीकडच्या शाळेच्या चौकात कोण उभं राहतं हो?"

"कुणीच नाही. दोन वर्षं माणूस शोधतायत."

तिने माझ्या हातातली पाटी घेतली, उचलून पाहिली.

"जड आहे की!"

"वाऱ्यात आणखी जड होते. दोन्ही हातांनी धर."

रस्त्याच्या पलीकडे जूनी दोरी गुंडाळून वाट बघत होती. ग्रेटाने पाटी उंच केली, आणि गाड्या थांबल्या.