तीन-अ नंबरचा पलंग

पलंग दारातून आत जाईना. रझाकनं तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, मग कपाळाचा घाम बाहीला पुसत म्हणाला, "पुष्पा, हा पलंग घर बघून नखरे करतो. मागच्या घरी कसा निमूट आत गेला होता!"

"आधी पाय काढायचे असतात, पाकचिक. दर वेळी सांगते."

"दर वेळी सांगतेस म्हणून तर मी लक्षात ठेवत नाही."

रझाक संस्थेच्या लॉरीचा ड्रायव्हर. वयानं सत्तरीला टेकलेला, म्हणून मलेशियातल्या कांपार गावात सगळे त्याला पाकचिक, म्हणजे काका म्हणत. पुष्पवल्ली त्याच संस्थेची घरोघर जाणारी सेविका. आजाऱ्याला पलंग पोचवायचा आणि घरच्या माणसाला त्याची सेवा करायला शिकवायचं, हे तिचं काम. आठ वर्षं झाली होती तिला.

पाय काढून पलंग आत आला. पुढच्याच खोलीत, जमिनीवरच्या गादीवर, भिंतीकडे तोंड करून सिऊ काम पडली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी तिची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं होतं, पण डोकं शाबूत होतं. पाठीच्या शेवटच्या मणक्यावर सुपारीएवढी जखम पडली होती. दवाखान्यातल्या नर्सनं संस्थेला कळवलं होतं, की बाई अशीच जमिनीवर राहिली तर जखम हाडापर्यंत जाईल.

तिचा मुलगा केओंग सकाळी मोटारसायकलला डबे लावून टाउफूफा विकायचा. सोयाच्या दुधाचं ते मऊ दही आणि वर आल्याचा गोड पाक. पहाटे उठून सोया दळायचा, दुपारी येऊन आईचं करायचा. लग्न केलं नव्हतं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. आईचं आपल्याच्यानं होत नाही, असं वाटून त्यानं इपोहच्या वृद्धाश्रमात चौकशी केली होती. त्यांनी सोमवार दिला होता. आज शुक्रवार.

पाय पुन्हा बसवून रझाक उभा राहतो न राहतो, तोच केओंगचं लक्ष पलंगाच्या कडेला गेलं. लोखंडी कठड्याला आधीच्या घरांनी नवसानं बांधलेल्या तीन लाल दोऱ्यांच्या गाठी होत्या. उशाच्या पट्टीवर हळदीचा डाग होता. खाली रंगानं लिहिलं होतं, 'तीन-अ'.

"आंटी," तो हळूच म्हणाला, "तीन-अ म्हणजे चारच ना?"

रझाकनं छताच्या पंख्याकडे पाहिलं. चिनी बोलीत 'चार' आणि 'मरण' सारखेच ऐकू येतात, हे कांपारमधलं शेंबडं पोरही जाणतं. इमारतींना चौथा मजला नसतो, गल्लीत चार नंबरचं घर नसतं. तीनच्या पुढे तीन-अ, आणि मग पाच. वेगळं नाव दिलं की मरणाला पत्ता सापडणार नाही, असा हिशेब.

"चारच," पुष्पवल्ली म्हणाली.

"आधी यावर कोण होतं? तो माणूस बरा झाला का?"

हा प्रश्न प्रत्येक घरात यायचा. चिनी घरात तोंडावर यायचा, मलय घरात आडवळणानं, आणि तमिळ घरात चहा पिऊन झाल्यावर. केओंगच्या पाठीमागून रझाक दोन बोटं चालवून दाखवत होता: चालत गेला म्हणून सांग, मोकळी हो.

पहिल्या वर्षी एकदा तिनं तसं सांगितलं होतं. त्या घरचा आजारी माणूस चाळीस दिवसांनी गेला, तेव्हा त्याच्या मुलीनं तिला एवढंच विचारलं, "आधीचा माणूस बरा झाला होता ना? मग आम्हीच कमी पडलो का?" त्यानंतर पुष्पवल्ली खोटं बोलली नव्हती.

"या पलंगावर अकरा माणसं राहिली," ती म्हणाली. "दोघं उठून चालायला लागली. नऊ जण यावरच गेले. त्यातली चौथी माझी आई."

केओंग एक पाऊल मागे सरला.

"तुमची आई? आणि तोच पलंग माझ्या आमाला आणलात?"

"आमच्याकडे सहा आहेत. रिकामा हा एकच."

"परत न्या. माफ करा, आंटी, तुम्ही चांगल्या आहात. पण परत न्या. सोमवारी तिला इपोहला..." त्यानं तांबारलेले डोळे चोळले. "तिथे नवे पलंग आहेत."

रझाकनं खिशातून पाना काढला. पुष्पवल्लीनं आत्तापर्यंत अशा किती दारांतून पलंग माघारी नेले होते. आज मात्र तिचा पाय उचलेना. इपोहच्या त्या आश्रमात एका सेविकेमागे बारा म्हाताऱ्या होत्या. तिथे पलंग नवा मिळेल, पण दर दोन तासांनी कूस कोण बदलणार?

"ए मुली."

हाक गादीवरून आली होती. सिऊ कामचं तोंड भिंतीकडेच होतं. पुष्पवल्ली तिच्याजवळ उकिडवी बसली.

"त्या नऊ जणांच्या पाठी कशा होत्या?"

"पाठी, आंटी?"

"जाताना. जखमा होत्या?"

पुष्पवल्लीनं एकेकाला आठवलं. त्यातल्या बहुतेकांना शेवटचं पुसून तिनंच स्वच्छ केलं होतं. "एक लोहार होता, तो जखमा घेऊनच आला होता. त्याच्या भरत आल्या होत्या. बाकी कुणालाच नव्हत्या. माझ्या आईची पाठ तर..." ती थांबली. "लहान पोराची असते ना, तशी होती."

म्हातारी भिंतीकडे बघतच बोलली.

"मला दुखतं, केओंग."

"आमा, तू कधी बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तू गाडी घेऊन बाहेर पडला असतास? आता ऐक. मरणाचं मी बघते. तू दुखण्याचं बघ."

केओंग उभ्याउभ्याच कठड्यावरच्या लाल दोऱ्यांकडे बघत राहिला. रझाकनं पाना पुन्हा खिशात टाकला.

"मग नियम ऐक," पुष्पवल्ली उठत म्हणाली. "जो सेवा करणार, तो आधी पलंगावर झोपणार. मलाही असंच शिकवलं होतं."

"मी? यावर?"

"तूच. उजवा हात, उजवा पाय हलवायचा नाही."

"भ्याला," सिऊ काम म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. "बालवाडीत झोपाळ्यालाही भ्यायचा."

त्याच बालवाडीत ती तीस वर्षं पोरांना पेज भरवायची.

केओंग चपला काढून पलंगावर चढला. लाकडी फळीसारखा ताठ पडून राहिला. पुष्पवल्लीनं त्याचा गुडघा दुमडला, एक हात खांद्याला, एक कंबरेला लावला. "आधी सांगायचं, 'आमा, आता डावीकडे वळवतोय.' न सांगता हात लावायचा नाही. माणूस आहे, सोयाचं पोतं नाही. मग असं, हळूच, आपल्याकडे. गुडघ्यांत उशी. कळलं?"

"कळलं. खांद्याखालचा हात दुखतोय."

"दुखणारच. म्हणून तो हात आधी पुढे काढून घ्यायचा. आता विसरशील?"

"नाही."

मग खाणं. तिनं त्याला पुन्हा उताणं निजवलं आणि दांडा फिरवून उशाकडची बाजू वर केली. आडवं ठेवून भरवलं तर ठसका लागतो, हे सांगून ती चमचा शोधायला वळली, तर सिऊ काम म्हणाली, "मला बसवा. भरवण्याचं काम माझं."

पुष्पवल्ली आणि रझाकनं मिळून तिला वेताच्या खुर्चीत, हवेच्या उशीवर बसवलं. सकाळचा उरलेला टाउफूफा वाटीत आणला. डाव्या हातात चमचा धरून ती पुढे झुकली. पहिला चमचा केओंगच्या कॉलरवर सांडला.

"आ कर. मोठा. मुंगी जाईल एवढा नको."

"आमा, मला भरवतेयस की आंघोळ घालतेयस?"

"आ."

त्यानं आ केला. दुसरा चमचा आत गेला.

"पाक पातळ केलास."

"तू अशी पडल्यापासून कुणी चाखून सांगितलंच नाही."

"आता सांगेन. गीळ आधी."

चौथ्या चमच्याला तो म्हणाला, "इपोहला फोन करतो. सोमवारी येत नाही म्हणून."

"तोंडात घास असताना बोलू नये."

सहा चमचे झाले. केओंगनं डोळे मिटले. तो आजाऱ्याचं सोंग चांगलं वठवतोय, असं पुष्पवल्लीला वाटलं. मग त्याचा श्वास लांबला, जबडा सैल पडला आणि बारीक घोरणं सुरू झालं. तीन आठवडे हा माणूस भिंतीला टेकून बसून झोपत आला होता. एक हात कठड्यावर, लाल दोऱ्यांवर पडला होता.

"उठवू?" रझाक कुजबुजला. "नाहीतर पलंग रांगेत असलेल्या गोपेंगच्या घरी..."

"पलंग भरलाय, पाकचिक."

सिऊ कामला फार वेळ बसवून चालणार नव्हतं. पुष्पवल्लीनं तिला सांगून, हात पुढे काढून, हळूच गादीवर निजवलं. या वेळी पलंगाकडे तोंड करून. पाठीला उशी लावली, जखम पुसून नवी पट्टी बांधली. म्हातारी वर बघत होती, लेकाच्या कॉलरवर सांडलेल्या डागाकडे.

"तुम्ही पण डोळे मिटा," पुष्पवल्ली म्हणाली. "तो उठला की तुम्हाला वर घेऊ. तोवर आम्ही आहोत."

"मी जागी आहे. दोन तास झाले की सांगते." ती जरा थांबली. "त्याचीही कूस बदलावी लागेल ना?"

रझाक बाहेर गेला आणि मघापासून चालूच ठेवलेलं लॉरीचं इंजिन त्यानं बंद केलं.