अस्वलासमोर कोण हसलं?

मित्रांनो, मी एक जुनी हसरी पेटी आहे. नाव ऐकून गोड वाटलं ना? जरा सावध राहा. आयुष्यभरात ज्या ज्या गोष्टींवर मी खदखदून हसले, त्यांतल्या निम्म्या गोष्टींवर मला स्वतःला कधी हसू आलं नव्हतं. तेव्हापासून कोणी हसलं की मला आधी शंकाच येते.

लॉस एंजेलिसमधल्या एका गॅरेजात वेंडल कार्विन नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने मला बनवलं. त्याच्या कमरेएवढी माझी उंची, वर टाइपरायटरसारख्या कळा आणि पोटात फितींची वेटोळी. एक कळ दाबली की एक म्हातारा खोकत खोकत हसायचा, दुसरी दाबली की बायकांचा घोळका फिदीफिदी करायचा. ही सगळी हसणी वेंडलने १९५५ साली एका मूकनाट्याच्या प्रयोगात टिपली होती. रंगमंचावर कोणी बोलतच नव्हतं, त्यामुळे हसणं अगदी स्वच्छ मिळालं. हसणाऱ्यांना मात्र कोणी विचारलं नाही.

त्या काळी कितीतरी विनोदी मालिका रिकाम्या स्टुडिओत चित्रित होत. मालिकेतले बाबा कामावरून यायचे, टोपी खुंटीकडे फेकायचे, ती खाली पडायची आणि मी हसायचे. घरी बसलेल्यांना वाटायचं, तिथे दोनशे माणसं बसली आहेत. पुढे कार्टूनवालेही मला बोलावू लागले. वेंडलचा मात्र कोणावर विश्वास नव्हता. मला दोन कुलुपं, वरून मेणकापड, आणि कळा दाबताना तो सगळ्यांकडे पाठ करून बसे. "आत काय आहे हो?" असं कोणी विचारलं, की म्हणे, "माझा जेवणाचा डबा!"

१९६६ च्या उन्हाळ्यात स्टुडिओच्या फाटकाशी एक बाई येऊन उभी राहू लागली. तिचं नाव वर्ना पिकेट. दूरच्या बेकर्सफील्ड गावातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करायची. तिची धाकटी बहीण लोर्ना तेरा वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर पडली, ती परत आलीच नव्हती. पत्र नाही, निरोप नाही. आणि एका मंगळवारी मालिका बघता बघता वर्नाला टीव्हीतून तिचं हसणं ऐकू आलं. आधी मोठा खो-खो, मग घोड्यासारखा आत ओढलेला श्वास. असं हसणारी दुसरी कोणी असणं शक्य नव्हतं. लोर्ना जिवंत आहे आणि दर मंगळवारी प्रेक्षकांत बसते, अशी वर्नाची खात्रीच पटली.

"बाई, या मालिकेला प्रेक्षक नसतात," पहारेकरी म्हणाला.

"माणसं नसतात, तर हसतं कोण? भुतं?"

पहारेकऱ्याने फाटक लावून घेतलं. माझ्याबद्दल बोलायचं नाही, अशी त्याला ताकीद होती. वर्नाला वाटलं, हे लोक माझ्या बहिणीला लपवताहेत. तिकडे वेंडलला वाटलं, ही दुसऱ्या कंपनीने पाठवलेली हेर आहे. तीन उन्हाळे, शाळेच्या सुट्टीत, ती बसने येत राहिली आणि तो तिला चुकवून मागच्या दाराने जात राहिला. मला सगळं ठाऊक होतं. लोर्ना माझ्या सतराव्या कळेत होती. पण माझं तोंड दुसऱ्याच्या बोटांवर चालणारं. मला माझीच फार लाज वाटायची.

मग एका शनिवारी सकाळी कार्टूनमधलं एक अस्वल सायकलसकट तळ्यात पडलं, आणि त्यावर लोर्ना हसली. कार्टूनच्या शेवटी 'ध्वनी' या शब्दापुढे तिने वेंडलचं नाव वाचलं. सोमवारी वर्ना थेट त्याच्या गाडीला टेकून उभी होती. मी मागच्या सीटवर होते.

"अहो कार्विन, चित्रातल्या अस्वलासमोर खुर्च्या मांडून कोणी बसत नाही. एवढं मलाही कळतं. तुमच्या त्या डब्यात माझी बहीण आहे. खरं की खोटं?"

"कोणी पाठवलंय तुम्हाला?"

"माझ्या आईने. तिला जाऊन चार वर्षं झाली. अजून काही विचारायचंय?"

वेंडलने इकडेतिकडे पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदा त्याने परक्या माणसासमोर माझी कुलुपं काढली आणि सतरावी कळ दाबली. वर्नाने तोंडावर हात धरला.

"कधीची आहे ही?"

"पंचावन्न सालची. आज ती कुठे आहे, मला माहीत नाही हो बाई. शपथेवर सांगतो."

तिची तीन वर्षांची आशा तिथल्या तिथे मोडली. ती फुटपाथच्या कडेला मटकन बसली. मग म्हणाली, "पंचावन्न? नक्की?"

"नक्की."

"ती निघाली तेव्हा मी म्हणाले होते, बाहेर पडून तू एक दिवस जरी हसलीस, तर मी नावाची वर्ना नाही. बघा, दोन वर्षांनी हसतेय की! आणि तिच्याबरोबर हा कोण पुरुष हसतोय?"

"कोण जाणे. मी कापायला गेलो होतो, पण दोघांचं हसणं सुटं होईना."

"नका करू सुटं," वर्ना म्हणाली. "शनिवारी लावत जा तिला. मी ऐकेन."

वेंडलने शब्द पाळला. पुढची चौदा वर्षं कुठलं ना कुठलं कार्टून असो, शनिवारी सकाळी लोर्ना एकदा तरी हसायचीच.

मग दिवस बदलले. मालिकांसमोर पुन्हा खरीखुरी माणसं बसू लागली. कार्टूनमधून हसणंच काढून टाकलं. आता तर विनोद झाला की पात्रं गप्प उभी राहून तुमच्याकडे बघतात. तुम्ही हसलात की नाही, हे तपासायला कोणीच नसतं. फोनवरून हसरे चेहरे पाठवणारे खरोखर हसलेले असतात का, याचीही मला दाट शंका आहे.

पण मी सांगत होते ते १९८३ सालचं. एका शनिवारी दुपारी वर्नाचा फोन आला.

"आज ती आली नाही हो."

"तिला आता कोणी बोलावत नाही, बाई," वेंडल म्हणाला. "मलाही नाही."

दुसऱ्याच दिवशी त्याने मला गाडीत घातलं आणि बेकर्सफील्डला वर्नाच्या घरी आणून ठेवलं. किल्ल्याही तिच्या हातात दिल्या.

तेव्हापासून मी इथेच आहे. वेंडल गेला. वर्ना ब्याऐंशीची झाली. लोर्नाचा पत्ता आजवर लागलेला नाही. माझी फीत इतकी झिजली आहे, की सतरावी कळ आता फार तर एकदाच वाजेल. वर्ना रोज सकाळी माझी धूळ पुसते, त्या कळेवर बोट ठेवते आणि न दाबता उठते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी हसलं, की टीव्हीकडे बघू नका, त्या माणसाकडे बघा. आणि भांडून कोणी दाराबाहेर पडत असेल, तर राग गिळा आणि हाक मारा. वर्नाजवळ एक कळ उरली आहे. तुमच्याजवळ अजून माणूस आहे.